जुनी पिकअप घेताय? मीटर नंतर बघा, आधी गाडीने काय वाहिलं ते विचारा

सोयाबीन विकलं, कांद्याची पट्टी आली किंवा उसाचं बिल खात्यावर जमा झालं की गावागावांत एक बोलणं हमखास सुरू होतं, "एखादी जुनी पिकअप बघावी म्हणतो." दर खेपेला भाड्याच्या गाडीला पैसे मोजायचे, त्यात गाडीवाला वेळेवर येईलच असं नाही. नवी गाडी घ्यायची तर आवाक्याबाहेर. मग आठ-दहा वर्षं चाललेली बोलेरो पिकअप, टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती, अशोक लेलँडची दोस्त किंवा मारुतीची इको यांच्यावर नजर जाते. यात चुकीचं काही नाही. नीट पारखून घेतलेली जुनी गाडी पुढची पाच-सात वर्षं घर चालवू शकते.

पण मालवाहू गाडी ही मोटारसायकल नाही. ती घेतल्यावर दोन महिन्यांत इंजिन बसलं, तर फटका तीन बाजूंनी बसतो. गॅरेजचं बिल येतं, पतसंस्थेचा हप्ता चालूच राहतो आणि आपला माल पुन्हा भाड्याच्या गाडीने पाठवावा लागतो. म्हणून इसार देण्याआधी काय बघायचं, कोणता बिघाड किरकोळ आणि कोणत्या बिघाडाला हात जोडून परत फिरायचं, ते या लेखात सविस्तर बघू.

गाडीचं वय ओझ्यावर मोजा

आपण गाडी बघायला गेलो की पहिला प्रश्न विचारतो, "किती चाललीय?" तो विचाराच, पण त्याआधी विचारा, "काय वाहिलं?" कारण एकाच वर्षी, एकाच शोरूममधून निघालेल्या दोन गाड्या कामाप्रमाणे वेगवेगळ्या झिजतात.

दुधाची गाडी: रोज सकाळ-संध्याकाळ वीस-पंचवीस थांबे. थांबली, निघाली, पुन्हा थांबली. त्यामुळे क्लच, ब्रेक, सेल्फ आणि पहिला-दुसरा गिअर जास्त झिजतो. सांडलेलं दूध आणि रोजचं धुणं यामुळे हौद्याचा पत्रा खालून गंजतो.

भाजीपाल्याची, मार्केटला जाणारी गाडी: हिचे किलोमीटर जास्त दिसतील, पण बरंचसं चालणं हायवेवर एका लयीत झालेलं असतं. वेळेवर ऑइल बदललेलं असेल तर अशी गाडी दोन लाख किलोमीटरलाही ठणठणीत असू शकते. मात्र मार्केटची वेळ गाठायला रात्री ताणून पळवलेली असेल तर टर्बो, टायर आणि पुढचं सस्पेन्शन नीट बघा.

वाळू, मुरूम, खडी, विटा वाहिलेली गाडी: किलोमीटर कमी, रंग नवा, आणि तरीही सर्वांत धोक्याची. इंजिनपेक्षा चासी, पाटे, मागचं हाऊसिंग आणि क्राउन-पिनियन यांचा जीव गेलेला असतो.

मासळी, मीठ किंवा खत वाहिलेली गाडी: वरून छान दिसेल, खाली गंज. गाडी कोकणपट्टीतून आलेली असेल तर खाली वाकून बघितल्याशिवाय पुढचं बोलूच नका.

मंडप किंवा डीजेची गाडी: वायरिंग ठिकठिकाणी कापून जोडलेली असते. पुढे पावसाळ्यात रोज एक दिवा बंद पडतो.

ओझं किती भरायचं हे आरसी बुकावर लिहिलेलं असतं. त्यावर रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट एकूण वजन दिलेलं असतं. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की खरी क्षमता कळते. टाटा एस २००५ मध्ये बाजारात आली तेव्हा तिची क्षमता ७५० किलो होती. म्हणजे ५० किलोच्या १५ गोण्या. आपल्याकडे त्यात किती गोण्या टाकतात, ते सांगायला नको. दुप्पट ओझ्याखाली चाललेले पन्नास हजार किलोमीटर हे नियमात चाललेल्या लाखापेक्षा वाईट असू शकतात.

मीटरवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. साधा हिशेब करा. मालक म्हणतो रोज नव्वद किलोमीटर दूध फिरवलं. महिन्याचे २५ दिवस धरले तर महिन्याला २,२५० आणि वर्षाला २७,००० किलोमीटर होतात. आठ वर्षांचे २ लाख १६ हजार झाले. आणि मीटर दाखवतोय ८४ हजार! मग एकतर बोलणं खोटं, नाहीतर मीटर मागे फिरवलेला किंवा मध्ये बंद पडलेला. ब्रेक-क्लचच्या पायट्याचं रबर घासून गुळगुळीत, स्टिअरिंग तुळतुळीत, सीट दबलेली आणि मीटर कमी, हे जुळत नाही. सर्व्हिसची जुनी बिलं मागा, त्यावर तारखेसह रीडिंग असतं.

सकाळी जा, इंजिन थंड असताना

गाडी बघायला सकाळी लवकर जा आणि "येतोय, गाडी चालू करून ठेवू नका" असं आधी सांगा. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. काही गाड्यांत इंजिन सीटखाली असतं, तिथल्या झाकणाला हात लावा. गरम लागलं तर समजा की थंड असताना सुरू व्हायला त्रास देणारी गाडी तुमच्यासाठी तापवून ठेवलीय. चहा घ्या, दुसरं काही बघा आणि दुसऱ्या दिवशी परत या.

चावी फिरवा, पण लगेच सेल्फ मारू नका. मीटरमध्ये इंजिनचा आणि ऑइलचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. दिवा विझत नसेल तर बिघाड आहे. पण चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तर ते जास्त वाईट. बिघाड लपवायला बल्ब काढला असण्याची शक्यता असते.

ग्लो प्लगचा दिवा असेल तर तो विझू द्या, मग सेल्फ मारा. चांगलं डिझेल इंजिन थोडक्यात लागतं. बराच वेळ घरघर करून, धूर सोडत, थडथडत सुरू झालं तर बॅटरी, ग्लो प्लग, नोझल किंवा कॉम्प्रेशन, यापैकी कुठेतरी गडबड आहे. बॅटरीचा खर्च परवडतो. कॉम्प्रेशन गेलं असेल तर इंजिन खोलावं लागतं.

धूर काय सांगतो

एकाने गाडीत बसून अॅक्सिलरेटर द्यावा आणि एकाने मागे उभं राहून सायलेन्सर बघावा.

काळा धूर: डिझेल नीट जळत नाही. एअर फिल्टर चोंदला असेल तर खर्च किरकोळ. नोझल, पंप किंवा टर्बोचं काम असेल तर खर्च मोठा.

निळसर धूर: इंजिन ऑइल खातंय. पिस्टन रिंगा, व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोचं सील गेलेलं. हा धूर गरम झाल्यावरही येत राहिला तर इंजिनचं काम डोक्यावर आहे असं समजा.

पांढरा धूर: थंडीत सकाळी दोन-चार मिनिटं आला तर काळजी नाही. इंजिन तापल्यावरही येत असेल तर न जळलेलं डिझेल बाहेर पडतंय किंवा रेडिएटरचं पाणी सिलिंडरमध्ये जातंय.

आणखी एक जुनी पण भरवशाची तपासणी आहे. गाडी चालू ठेवून वरचं ऑइल भरायचं झाकण हळूच सैल करा. फिरणाऱ्या बेल्टपासून हात आणि गळ्यातला गमछा लांब ठेवा. थोडी वाफ दिसली तर हरकत नाही. पण चिलीम ओढल्यासारखे धुराचे लोट भकाभक आले आणि झाकण जागेवर उडायला लागलं, तर रिंगा आणि बोअर झिजले आहेत. फिटर लोक म्हणतात, "इंजिन गॅस मारतंय." अशी गाडी स्वस्तात मिळाली तरी महागच पडते.

ऑइल आणि पाणी

बंद गाडीत ऑइलची पट्टी काढा, पुसा, पुन्हा घालून बघा. डिझेल गाडीचं ऑइल काळं असणं हा दोष नाही, ते लवकर काळं होतंच. दोष वेगळे असतात. पातळी खुणेच्या खाली असेल तर मालक निष्काळजी किंवा इंजिन ऑइल पितंय. पातळी खुणेच्या बरीच वर असेल आणि ऑइल पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल तर डिझेल ऑइलमध्ये मिसळतंय. झाकणाखाली दुधाच्या चहासारखा फेसाळ चिकट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी गेलंय. बहुतेक वेळा हेड गॅस्केट उडालेलं असतं, कधी हेडलाच तडा असतो.

ऑइल अगदी नवंकोरं दिसलं तरी खूश होऊ नका. विकण्याआधी जाड ऑइल टाकून इंजिनची खडखड आणि धूर दोन-चार दिवस दाबता येतो. कधी बदललं, बिल कुठंय, एवढं विचारा.

रेडिएटरचं झाकण फक्त थंड गाडीतच उघडा. गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. आत हिरवं, निळं किंवा गुलाबी कूलंट असावं. गंजाचं तांबडं पाणी असेल तर वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं आहे, म्हणजे आत क्षार बसलेले. पाण्यावर तेलाचा तवंग असेल किंवा गाडी चालू केल्यावर सारखे बुडबुडे येत राहिले तर पुन्हा हेड गॅस्केटचाच संशय घ्या.

एक युक्ती बऱ्याच गाड्यांवर केलेली दिसते. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकलेला असतो. मग रिकामी गाडी बराच वेळ चालवली तरी तापमानाचा काटा वर चढत नाही. बघणाऱ्याला वाटतं, वा, इंजिन थंड राहतंय! ओझं भरून घाट चढायला लागली की खरं दुखणं बाहेर येतं.

नव्या इंजिनांची नवी दुखणी

देशात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. आरसीवर आणि एमपरिवहन अॅपवर गाडी बीएस-४ आहे की बीएस-६ ते दिसतं. बीएस-६ डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी जाळी असते. ही काजळी सायलेन्सर चांगला तापला की जळून जाते. पण गाडी कायम गावात, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, छोट्या फेऱ्या मारत असेल तर सायलेन्सर तेवढा तापतच नाही. जाळी चोंदते, दिवा लागतो, गाडीची ओढ कमी होते. काहीजण ही जाळी आतून फोडून टाकतात. मग गाडी पळते, पण प्रदूषणाच्या नियमात ती बसत नाही आणि पुढे त्रास नव्या मालकाला.

काही गाड्यांत डिझेलच्या टाकीशेजारी डीईएफची वेगळी छोटी टाकी असते. त्याला लोक युरिया म्हणतात. तो शेतातला युरिया नव्हे. कोणी पोत्यातला युरिया पाण्यात घोळून ओतला असेल तर पंप आणि नोझल खराब झालेले असतात. असली गाडी घेताना स्कॅनर असलेला फिटर सोबत न्या. स्कॅनर लावला की कॉम्प्युटरमध्ये साठलेले बिघाड दिसतात. आदल्या दिवशी बिघाड पुसून टाकले असतील, तर गाडी पळवून आणल्यावर पुन्हा स्कॅनर लावा.

टर्बोकडे जाणारा मोठा पाइप काढून आत बोट फिरवा. तेलाचा हलका ओलावा चालतो, तेल साचलेलं चालत नाही. गाडी रेस केल्यावर शिट्टीसारखा किंवा धातू घासल्यासारखा मोठा आवाज येत असेल तर टर्बो शेवटच्या घटका मोजतोय.

खाली वाका: चासी, पाटे, हौदा

रंगाला भुलायचं नसेल तर गाडीखाली बघावंच लागतं. गाडी नुसत्या जॅकवर उभी असताना खाली शिरू नका. रॅम्पवर घ्या किंवा सपाट जागेवर, चाकांना दगड लावून, टॉर्चने बघा.

चासीला तडे जातात ते ठरलेल्या ठिकाणी. केबिनच्या मागे, पाट्यांच्या हँगरजवळ आणि जिथे जादा भोकं पाडली आहेत तिथे. वेल्डिंगचा ठिगळ, आतून लावलेली पट्टी किंवा फक्त तेवढ्याच भागावर मारलेला ताजा काळा रंग दिसला तर कारण विचारा. चासी वाकलेली असेल तर गाडी सरळ रस्त्यावरही तिरकी चालते. मागून बघताना पुढची आणि मागची चाकं एका ओळीत दिसत नाहीत. चासीचा तडा किंवा वाक म्हणजे व्यवहार सोडायचा, त्यावर घासाघीस नाही.

पाटे मोजा. दोन्ही बाजूंना सारखे आहेत का? कंपनीच्या पाट्यांवर जादा पाटे चढवलेले असतील, हौद्याला अँगल मारून उंची वाढवलेली असेल, तर गाडीने कायम जास्त ओझं वाहिलंय याची ती कबुलीच आहे. पाटा तुटलेला, सेंटर बोल्ट गेलेला किंवा गाडी एका अंगाला कललेली असेल तर दुरुस्ती होते, पण ती रक्कम किमतीतून वजा करा. हौद्याच्या तळाचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. टणक आवाज आला तर चांगला, भुसभुशीत आवाज आला तर रंगाखाली गंज.

आणि हो, चासीवर ठोकलेला नंबर आरसीवरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळवा. घासलेला किंवा वर वेल्डिंग केलेला असेल तर तिथूनच घरी या.

क्लच, गिअर, शाफ्ट आणि क्राउन

क्लचसाठी मोकळ्या जागेत हँडब्रेक घट्ट ओढा, पुढे-मागे माणूस नाही ना बघा. तिसरा गिअर टाका आणि थोडा अॅक्सिलरेटर देत क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच पकडतोय. क्लच पूर्ण सोडला तरी इंजिन चालूच राहिलं तर क्लचप्लेट संपली. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, हेही तेच लक्षण. क्लच एकदाच करून बघा, परत परत केलं तर चांगला क्लचही जळतो.

गिअर बदलताना दुसऱ्या गिअरला कर्र आवाज येत असेल तर गिअरबॉक्समधल्या रिंगा झिजल्या आहेत. उतारावर पाय काढल्यावर गिअर आपोआप सुटत असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

गाडी निघताना किंवा गिअर बदलताना मागून "ठक्क" असा ठोका आला तर शाफ्टचा क्रॉस गेलेला असू शकतो. तो बदलणं सोपं. पण वेग वाढवताना मागच्या अॅक्सलमधून "हूंऽऽ" असा आवाज येतो आणि पाय काढल्यावर तो बदलतो, तर क्राउन-पिनियनचं दुखणं आहे. हाऊसिंगचा ऑइलचा बोल्ट काढून बघायची मालकाने परवानगी दिली, तर ऑइलमध्ये धातूचा चुरा किंवा दाताचे तुकडे आहेत का बघा. मालक नकोच म्हणत असेल तर त्याचा अर्थ तुम्हीच लावा.

ब्रेक, स्टिअरिंग, टायर

गाडी चालू ठेवून ब्रेक घट्ट दाबा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. पायटा हळूहळू खाली जात राहिला तर मास्टर सिलिंडर किंवा कुठेतरी गळती. मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात ब्रेक मारा. गाडी एका बाजूला ओढली तर लायनर, सिलिंडर किंवा जाम झालेला ब्रेक. काही पिकअपला मागच्या अॅक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, तो ओझ्याप्रमाणे मागच्या चाकांचा ब्रेक कमी-जास्त करतो. बऱ्याचदा तो तारेने बांधून टाकलेला सापडतो. गाडीत भरलेला माल आणि शेजारी बसलेलं माणूस, दोघांचा जीव त्यावर असतो, म्हणून फिटरला तो मुद्दाम दाखवायला सांगा.

स्टिअरिंग जागेवर हलवून बघा. चाक न वळता ते बरंच फिरत असेल तर स्टिअरिंग बॉक्स, टाय रॉड किंवा बॉल जॉइंट झिजलेले.

टायरच्या बाजूला चार आकडी अंक असतो. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी शिल्लक असली तरी भेगा पडलेला जुना टायर भरवशाचा नाही. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट किंवा वाकलेला अॅक्सल. रबर चढवलेले टायर कोणते, तेही विचारून घ्या, विशेषतः पुढचे.

रिकामी नको, ओझं भरून चालवा

ही सर्वांत महत्त्वाची परीक्षा आणि तीच आपण टाळतो. रिकामी पिकअप कोणालाही चांगलीच वाटते. क्षमतेइतक्या नाही तरी निम्म्या वजनाच्या गोण्या टाका आणि पंधरा-वीस किलोमीटर चालवा. वाटेत एखादा चढ असू द्या. डिझेल आपल्या पैशाने टाका, म्हणजे मालकाला नाही म्हणता येत नाही.

चढावर तापमानाचा काटा बघा. परत आल्यावर गाडी लगेच बंद करू नका, दोन मिनिटं चालू ठेवा आणि मग बंद करा. पाच मिनिटांनी पुन्हा सेल्फ मारा. थंड असताना लगेच लागणारी कॉमन रेल गाडी गरम असताना लागत नसेल, तर इंजेक्टर किंवा डिझेलचा पंप झिजलेला असू शकतो, आणि तो खर्च मोठा असतो. उभ्या गाडीखाली पुठ्ठा टाका. कुठे ऑइल, कुठे पाणी, कुठे डिझेल पडतंय ते लख्ख दिसतं.

इको किंवा सीएनजी गाडी असेल तर

पेट्रोल-सीएनजी गाडीत नोझल-टर्बोची कटकट कमी, पण दोन गोष्टी बघा. सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी लागते. टाकीवरची तारीख आणि प्रमाणपत्र दोन्ही जुळवा. सीएनजी किट नंतर बसवलं असेल तर ते आरसीवर चढलेलं हवं. दुसरं म्हणजे सायलेन्सर. इको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे प्रकार अनेक जिल्ह्यांत झाले आहेत, कारण त्यातल्या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम यांसारखे महाग धातू असतात. सायलेन्सर बदललेला असेल तर आत कन्व्हर्टर आहे का, ते फिटरकडून बघून घ्या. नाहीतर पीयूसीला अडाल.

"पासिंग झालंय" म्हणजे गाडी चांगली असं नाही

मालवाहू गाडीचं पासिंग पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं. पासिंगला दिवे, ब्रेक, धूर बघतात. इंजिन किती दिवस टिकेल किंवा क्राउनचे दात शाबूत आहेत का, हे पासिंगचा कागद सांगत नाही. पासिंगची तारीख मात्र बघा. पुढच्या महिन्यात संपत असेल तर टायर, रंग, दिवे, कागदपत्रं हा सगळा खर्च तुमच्या अंगावर येणार.

एमपरिवहनवर विमा, पीयूसी आणि गाडीवर फायनान्सचा बोजा आहे का ते बघा. बोजा असेल तर फायनान्स कंपनीचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. दंडाची ई-चलनं बाकी आहेत का तेही तपासा. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर मालकाच्या सह्या घ्या. गाडी राज्यातलीच असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. विमा आपल्या नावावर करण्याचा अर्ज १४ दिवसांत द्या. "पुढच्या वर्षी बघू" म्हणून गाडी जुन्याच नावावर पळवली आणि अपघात झाला, तर विकणारा आणि घेणारा दोघेही कोर्टाच्या चकरा मारतात.

भाव कसा करायचा

फिटर आपल्या ओळखीचा न्या, विकणाऱ्याच्या ओळखीचा नको. त्याला दिवसाची मजुरी द्या. एजंटचं कमिशन व्यवहार झाला तरच मिळतं, फिटरची मजुरी व्यवहार मोडला तरी मिळते, म्हणून त्याचं बोलणं खरं धरा.

सापडलेले दोष वहीत तीन रकान्यांत लिहा.

पहिला रकाना, चालतंय: बॅटरी, फिल्टर, दिवे, क्रॉस, ब्रेक लायनर, एखादा पाटा.

दुसरा रकाना, पैसे वजा करा: टायर, क्लच, मास्टर सिलिंडर, स्टिअरिंग बॉक्स, रेडिएटर, नोझल.

तिसरा रकाना, सोडून द्या: चासीला तडा किंवा वाक, गॅस मारणारं इंजिन, ऑइलमध्ये पाणी, ओरडणारा क्राउन, न जुळणारा नंबर.

समजा मालकाने ३ लाख ६० हजार सांगितले आणि फिटर म्हणाला की पहिल्या दोन रकान्यांचं काम ५५ हजारांचं आहे. तर तुमची बोली ३ लाख ५ हजारांच्या वर जायला नको. शिवाय घरातली सगळी रक्कम गाडीत घालू नका. पहिल्या दोन-तीन महिन्यांत काही ना काही निघतंच, त्यासाठी वीस-पंचवीस हजार बाजूला ठेवा. ते नसतील तर एक नंबर खालची, लहान गाडी बघा.

इसार द्यायचा तर इसारपावतीवर गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, कागद कधी द्यायचे ती तारीख आणि फिटरने पास केली नाही तर इसार परत, एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या. पैसे खात्यावरून द्या म्हणजे पुरावा राहतो.

जाताना मोबाईलमध्ये एवढं ठेवा

१. काय वाहिलं, रोज किती फेऱ्या, किती मालक झाले?
२. इंजिन थंड असताना सुरू करून बघितलं का?
३. धुराचा रंग, ऑइलचं झाकण, रेडिएटर बघितलं का?
४. खाली वाकून चासी, पाटे, हौदा बघितला का?
५. क्लच, दुसरा गिअर, मागचा आवाज तपासला का?
६. ओझं भरून चढावर चालवली का? गरम असताना पुन्हा लागली का?
७. चासी नंबर, पासिंग, बोजा, ई-चलन बघितलं का?

एवढ्याला एक सकाळ आणि फिटरची एक दिवसाची मजुरी जाते. मालक घाई करत असेल, "दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय" म्हणत असेल, तर खुशाल येऊ द्या. जुन्या पिकअप बाजारात पुढच्या आठवड्यातही असणारच आहेत.